दानपत्रांतील ग्रहणें व तिथिनिर्णय

पर्वकाळीं दिलेलें दान अक्षय होतें, या श्रद्धेनें आपल्या पूर्वजांनीं भूमि, वृत्ति व अग्रहार देण्यास ग्रहणाचा दिवस वारंवार निवडला. त्यांच्या या श्रद्धेचा लाभ आज इतिहाससंशोधकास होत आहे. शकाचा आंकडा झिजतो, संवत्सराचें नांव लिहिणारा चुकतो, वार तर कित्येकदां दिलेलाच नसतो. परंतु 'सूर्योपराग', 'सोमग्रहण', 'चंद्रपर्व' यांपैकीं एखादा शब्द लेखांत सांपडला, कीं आकाशांतील एक साक्षीदार पुढें येऊन उभा राहतो. तो राजाच्या पदरचा नव्हे, देणाराच्या घरचा नव्हे आणि घेणाराच्याही नव्हे. मात्र त्याची साक्ष कशी काढावी हें ठाऊक पाहिजे. आमच्या परिचयाच्या संग्राहकांजवळ कागद उत्तम असतात, जंत्र्याही असतात. पण ग्रहणाचा तिथीशीं असलेला संबंध बहुतेकांनीं वरवर पाहिलेला असतो. त्यामुळें खरे लेख खोटे ठरतात व खोटे खरे ठरतात. आम्हींही या कामीं एकदां फसलों आहों. ती हकीकत शेवटीं सांगूं.

सूर्यग्रहण अमावास्येसच व चंद्रग्रहण पौर्णिमेसच होतें, हें घरांतील म्हाताऱ्या बायकांसही माहीत असतें. तिथि म्हणजे सूर्यचंद्रांच्या भोगांत बारा बारा अंशांचें अंतर पडण्यास लागणारा काळ. अमावास्येचा अंत म्हणजे दोघांचे भोग एक होण्याचा क्षण, आणि पौर्णिमेचा अंत म्हणजे त्यांत बरोबर १८० अंशांचें अंतर पडण्याचा क्षण. यालाच पर्वान्त म्हणतात. पहिल्या वेळीं चंद्र सूर्याच्या व आपल्या मध्यें येतो. दुसऱ्या वेळीं आपली पृथ्वीच सूर्याच्या व चंद्राच्या मध्यें येते. ग्रहणाचा मध्य पर्वान्ताजवळच असावयाचा. चंद्रग्रहणांत तो पर्वान्तास जवळजवळ लागूनच असतो. सूर्यग्रहणांत मात्र पाहणाराच्या स्थळाप्रमाणें लंबनामुळें तो कांहीं घटिका मागेंपुढें सरतो. सकाळचें ग्रहण पर्वान्ताच्या आधीं व तिसऱ्या प्रहरचें नंतर दिसतें तें याच कारणानें.

येथें एका जुन्या घोटाळ्याचा उल्लेख करणें भाग आहे. शाळेंत शिकवीत असतां दर वर्षीं निदान चारपांच मुलें अशीं निघत, कीं चंद्राच्या कला पृथ्वीच्या छायेनें होतात असें तीं उत्तरपत्रिकेंत लिहीत. मुलांचें सोडा, प्रौढ व सुशिक्षित गृहस्थांच्या तोंडूनही आम्हीं हें ऐकिलें आहे. अष्टमीस चंद्र सूर्यापासून ९० अंशांवर असतो. त्या वेळीं त्याचा पृथ्वीच्या छायेशीं संबंध काय? चंद्राचा सूर्याकडील अर्धा भाग सर्वकाळ उजळलेलाच असतो, आणि त्यांतील किती आपल्याकडे वळलेला आहे एवढ्यावर कला अवलंबून असते. वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या चंद्रचाराध्यायांत हें स्पष्ट सांगितलें आहे, व त्याच्या पुढच्याच अध्यायांत ग्रहणाचें कारण निराळें दिलें आहे. दोन अध्याय एकापुढें एक असतांही लोक दोन्ही गोष्टी एक करितात, याचें आश्चर्य वाटतें.

मग दर पौर्णिमेस व दर अमावास्येस ग्रहण कां होत नाहीं? कारण चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशीं तिरपी आहे. आपल्या सिद्धान्तकारांनीं चंद्राचा परम विक्षेप २७० कला म्हणजे साडेचार अंश मानिला. आजच्या वेधांनीं तो सुमारें ५ अंश ९ कला ठरला आहे. सूर्य व चंद्र यांचीं बिंबें सुमारें अर्ध्या अर्ध्या अंशाचीं, तेव्हां पांच अंशांच्या शरापुढें त्यांची गांठ पडणें कठीणच. ही कक्षा क्रांतिवृत्तास ज्या दोन ठिकाणीं छेदिते ते दोन पात, म्हणजे आपले राहु व केतु. पर्वान्तीं चंद्र या पातांजवळ असेल तरच ग्रहण. चंद्रग्रहणास हें अंतर सुमारें ९॥ ते १२ अंशांच्या आंत, व सूर्यग्रहणास सुमारें १५ ते १८ अंशांच्या आंत पाहिजे. पात स्वतः उलट फिरत असल्यामुळें सूर्य एका पातापासून निघून पुन्हां त्याच पातास सुमारें ३४६॥ दिवसांनींच येतो, आणि म्हणून ग्रहणांचा हंगाम दर वर्षीं अठरा-एकोणीस दिवस अलीकडे सरकत जातो.

संशोधकाच्या कामाचें एक सूत्र यांतून निघतें. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत चंद्राचें पातापासूनचें अंतर मध्यम मानानें ३० अंश ४० कलांनीं वाढतें. म्हणजे एका वर्षाच्या श्रावणी पौर्णिमेपासून दुसऱ्या वर्षाच्या श्रावणी पौर्णिमेपर्यंत बारा महिने गेले असतील तर अंतरांत ८ अंशांचा फरक पडतो, आणि मध्यें अधिक मास आला असेल तर सुमारें ३९ अंशांचा. एवढें लक्षांत ठेविलें, कीं अमुक शकांत अमुक तिथीस ग्रहण शक्य होतें कीं नाहीं याचा अजमास घरबसल्या काढतां येतो. कोष्टकें पाहणें तें त्यानंतर. शंकर बाळकृष्ण दीक्षित व सीवेल यांच्या १८९६ च्या पंचांगविषयक इंग्रजी ग्रंथास श्राम यांनीं हिंदुस्थानांत दिसलेल्या सूर्यग्रहणांचें कोष्टक जोडिलें आहे. ओप्पोल्झर यांच्या १८८७ च्या ग्रंथांत सुमारें ८००० सूर्यग्रहणें व ५२०० चंद्रग्रहणें आहेत. आणि आतां तर संगणकाच्या साह्यानें पांच सहस्र वर्षांचीं ग्रहणें कोणासही क्षणांत पाहावयास मिळतात. परंतु कोष्टक आयतें मिळालें म्हणून सूत्र विसरूं नये. कोणता प्रश्न विचारावयाचा हें कोष्टक सांगत नाहीं.

राहूच्या वादाविषयीं येथें थोडेंच लिहितों; तो विषय स्वतंत्र निबंधाचा आहे. आर्यभटानें शके ४२१ (इ. स. ४९९) च्या सुमारास चंद्र सूर्यास झांकतो व पृथ्वीची छाया चंद्रास झांकते असें निःसंदिग्ध सांगितलें. वराहमिहिरानें त्यास युक्ति जोडली, ती अशी कीं, चंद्रग्रहणाचा स्पर्श पश्चिमेकडून व सूर्यग्रहणाचा स्पर्श पूर्वेकडून कधीं होत नाहीं. असें असतां ब्रह्मगुप्तानें शके ५५० (इ. स. ६२८) मध्यें स्मृतींचा पक्ष घेऊन या दोघांस दोष दिला, आणि गणित मात्र छायेचेंच केलें. अल्बीरूणीसारख्या परदेशीय पंडितासही ही गोष्ट खटकली व त्यानें ती लिहून ठेविली. भास्कराचार्यांनीं शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें समेट केला. ब्रह्मदेवाच्या वरानें राहु त्या छायेंत शिरतो, म्हणजे श्रुतिस्मृति राहिल्या व गोलही राहिला! परंतु त्याच भास्कराचार्यांनीं असेंही दाखविलें, कीं अर्धग्रस्त चंद्राचीं शृंगें बोथट दिसतात व ग्रहण दीर्घ काळ टिकतें, तर अर्धग्रस्त सूर्याचीं शृंगें तीक्ष्ण दिसतात व ग्रहण लौकर सुटतें. सबब चंद्रास झांकणारें मोठें व सूर्यास झांकणारें लहान, म्हणजे दोन ग्रहणांचें छादक एक नव्हे. आमच्या मतें समेटाचा श्लोक लोकांसाठीं होता व शृंगांची युक्ति शिष्यांसाठीं.

भास्कराचार्यांचें नांव निघालें त्या अर्थीं त्यांच्या घराण्याशीं संबद्ध असलेल्या लेखाकडेच वळूं. खानदेशांत चाळीसगांवापासून जवळ, डोंगराच्या पायथ्याशीं पाटण म्हणून जें जुनें ठिकाण आहे, तेथील देवीच्या देवळांतील शिलालेख प्रसिद्ध आहे. डॉ. भाऊ दाजी यांनीं तो प्रथम १८६५ सालीं विद्वानांच्या नजरेस आणिला व पुढें कीलहॉर्न यांनीं एपिग्राफिया इंडिकाच्या पहिल्या खंडांत त्याचें संपादन केलें. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव सिंघणाचे ज्योतिषी. त्यांनीं आजोबांच्या सिद्धान्तशिरोमणि आदि ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून मठ स्थापिला, व निकुंभ वंशांतील सोईदेवानें त्या मठास दान दिलें. लेखाचा आरंभ संस्कृत श्लोकांत असून शेवटचा भाग जुन्या मराठींत आहे. बाजारांतील मालावरील कोणता भाग, घाण्याच्या तेलांतील कोणता भाग मठास द्यावयाचा, तें तेथें सांगितलें आहे. मराठी भाषेच्या अभ्यासकांनीं या ओळी पुष्कळ चर्चिल्या आहेत. आम्हांस येथें कर्तव्य आहे तें मितीशीं.

दानाची मिति शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहणसमय अशी आहे. दिसावयास ही मिति सर्वांगपूर्ण आहे. शक आहे, संवत्सर आहे, मास आहे, तिथि आहे, आणि वर ग्रहण आहे. परंतु शकांत बारा मिळवून साठांनीं भागावें व बाकी राहील तो संवत्सर प्रभवापासून मोजावा, ही आपली नेहमींची रीत लावली तर ११२८ व १२ मिळून ११४० होतात, बाकी शून्य येते, आणि संवत्सर साठावा, म्हणजे क्षय. प्रभव येतो तो शके ११२९ मध्यें. तेव्हां आंकडा व नांव यांचें भांडण आहे. कोणी म्हणेल, हा गत व वर्तमान वर्षांचा घोटाळा असेल. पण ११२८ हें वर्तमान वर्ष मानिलें तर आपण आणखी एक वर्ष मागें जातों आणि प्रभवापासून अधिकच दूर पडतों. मध्यम गुरूच्या मानाचा उत्तरेकडील संवत्सर घ्यावा, तर तो या काळीं दक्षिणेकडील संवत्सराच्या चार वर्षें पुढें होता, म्हणून प्रभव ११२८ च्या आधींच येऊन गेलेला. सारांश, दोन साक्षीदार एकमेकांविरुद्ध बोलत आहेत. अशा वेळीं तिसऱ्यास विचारावें.

आम्हीं तीन वर्षांच्या श्रावणी पौर्णिमा गणितानें पाहिल्या. इ. स. १२०५ च्या श्रावणी पौर्णिमेस चंद्र पातापासून सुमारें ५२ अंश दूर होता. पुढच्या वर्षीं, म्हणजे शके ११२८ गत असतां, ही पौर्णिमा २१ जुलै १२०६ रोजीं शुक्रवारीं आली. अंतर ८ अंशांनीं कमी होऊन सुमारें ४४ राहिलें. ग्रहणाची मर्यादा बारा अंशांची. तेव्हां या दोन्ही दिवशीं ग्रहणाचें नांवही काढावयास नको. यानंतर एक अधिक मास येऊन गेला. शके ११२९ ची श्रावणी पौर्णिमा ९ ऑगस्ट १२०७ रोजीं गुरुवारीं पडली, आणि अंतर एकदम ३९ अंशांनीं घटून चंद्र राहूच्या अलीकडे अवघा साडेपांच अंशांवर आला. ग्रहण झालें. आमच्या गणितानें अर्ध्याहून किंचित् अधिक बिंब ग्रासलें गेलें. म्हणजे ग्रहण प्रभव संवत्सराच्या बाजूनें साक्ष देतें व आंकड्यास खोटा पाडतें. ९ ऑगस्ट १२०७ ही तारीख आम्हींच प्रथम काढली असें नव्हे, ती विद्वानांत रूढच आहे. परंतु मराठी पुस्तकांतून अजूनही 'शके ११२८, म्हणजे इ. स. १२०६' असें सर्रास छापलें जातें. त्या सालीं त्या तिथीस ग्रहण संभवतच नव्हतें, एवढें तरी यापुढें ध्यानांत यावें.

या ग्रहणाचा आणखी एक विशेष आहे. त्याचा मध्य पाटणच्या सूर्यास्तापूर्वीं सुमारें एक तास होऊन गेला होता, व मोक्ष सूर्यास्तानंतर लौकरच झाला. म्हणजे चंद्र ग्रस्तच उगवला व थोड्याच वेळांत सुटला. शास्त्रार्थानें ग्रहण प्रत्यक्ष दिसेल तेथेंच त्याचा पुण्यकाळ. निर्णयसिंधूसारखे पुढील काळचे निबंधही तेंच सांगतात. डोंगरांनीं वेढलेल्या त्या जागेंत, श्रावणाच्या ढगांत, क्षितिजावरचा तो ग्रस्त चंद्र किती जणांस दिसला असेल याची शंकाच आहे. परंतु ज्या घराण्यानें स्पर्शमोक्षाचें गणित सर्व देशास शिकविलें, त्यांस ग्रहण केव्हां आहे हें कळण्यास आकाशाकडे पाहण्याचें कारण नव्हतें.

मग एवढ्या ज्योतिषांच्या लेखांत शकाचा आंकडा कसा चुकला? आमचें अनुमान असें आहे. लेख कोरला गेला त्या वेळीं दाता सोईदेव जिवंत नव्हता. त्याचा भाऊ हेमाडीदेव गादीवर होता. म्हणजे दान आधींचें व शिला मागाहूनची. मागाहून लिहितांना आंकडा एकानें मागेंपुढें होणें सहज संभवतें. पण ज्या दिवशीं मठास वृत्ति मिळाली तो ग्रहणाचा दिवस मठवासी विसरणार नाहींत, व साठ संवत्सरांच्या चक्रांतील पहिलें नांव विसरणेंही अवघडच. निदान आम्हीं तरी ताम्रपट वा शिलालेख तपासतांना आंकड्यापेक्षां नांवावर, आणि नांवापेक्षां ग्रहणावर अधिक भिस्त ठेवितों.

ही भिस्त सर्वत्र सारखी ठेवतां येते असें मात्र नाहीं, व याचें उत्तम उदाहरण म्हणजे फ्लीट यांनीं प्रसिद्ध केलेला दुसऱ्या पुलकेशीचा हैदराबाद ताम्रपट. त्यांत शके ५३४ अतीत, राज्यारोहणाचें तिसरें वर्ष, भाद्रपद अमावास्या व सूर्यग्रहण असा उल्लेख आहे. पाटणच्या लेखांत पौर्णिमा असल्यामुळें एक अडचण आपोआप टळली होती. शुक्ल पक्षाचा मास अमान्त व पूर्णिमान्त या दोन्ही पद्धतींत एकच असतो. अमावास्या आली कीं तसें राहत नाहीं. आपला अमान्त श्रावण वद्य पक्ष तोच उत्तरेकडील भाद्रपद वद्य पक्ष. आतां या ताम्रपटाची अमावास्या आपल्या रीतीनें भाद्रपदाची धरली तर इ. स. ६१२ व ६१३ या दोन्ही वर्षीं चंद्र पातापासून २५ अंशांहून दूर पडतो व ग्रहण होतच नाहीं. पूर्णिमान्त रीतीनें धरली तर दोन्ही वर्षीं ग्रहण होतें. एक २ ऑगस्ट ६१२ रोजीं व दुसरें २३ जुलै ६१३ रोजीं. बदामीस बसलेल्या चालुक्यांच्या दप्तरांत त्या काळीं मास पूर्णिमान्त धरीत असत, हा महत्त्वाचा निष्कर्ष अशाच लेखांवरून निघाला आहे.

पण दोहोंपैकीं कोणतें? पहिलें शकाशीं सरळ जुळतें, परंतु त्याचा मध्य आपल्याकडे सूर्यास्तानंतर आला, म्हणून तें बदामीस दिसलें नाहीं. दुसरें भर मध्यान्हीं, दक्षिणेंत फार मोठें दिसलें, परंतु त्यासाठीं शकाचा आंकडा एकानें वाढवावा लागतो. पुलकेशीचें राज्यारोहण एक वर्ष इकडे कीं तिकडे, हें यावर अवलंबून आहे. दिवसा अंधार पडून पाखरें घरट्यांकडे वळलीं, त्या दिवशीं राजानें दान दिलें असावें, हें मनास पटतें. म्हणून आमचा कल ६१३ कडे आहे. तरी जो ६१२ धरील त्यास आम्ही हट्टी म्हणणार नाहीं. गणित करून पुढें होणारें ग्रहण आधीं सांगणारा ज्योतिषी दरबारीं असला, तर न दिसलेल्या ग्रहणाचें नांव पटांत येऊं शकतें, व तशीं उदाहरणें आहेत.

बनावट लेखांनाही ग्रहणाचें आकर्षण फार. म्हैसूर प्रांतांतील गौज अग्रहाराचे ताम्रपट सर्पसत्र करणाऱ्या जनमेजयाचे म्हणून मिरवत होते. त्यांतील सूर्यग्रहणाचें गणित सर जॉर्ज एरी यांनीं केलें आणि तें ७ एप्रिल १५२१, रविवार, या दिवसाशीं जुळलें. करणारानें पांडवांचा वंशज उभा केला, पण ग्रहण मात्र स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेलें घातलें!

शिवकालाकडे यावें तों काम बरेंच सोपें होतें, कारण साधनें अनेक असतात. महाबळेश्वरीं शिवाजी महाराजांनीं मातुश्री जिजाबाई व सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली, ती शके १५८६ क्रोधी संवत्सर, पौष वद्य ३०, सूर्यग्रहणीं. शकांत बारा मिळवून भागितलें तर बाकी ३८ येते, व अडतिसावा संवत्सर क्रोधीच आहे. इंग्रजी जुन्या पद्धतीनें त्या दिवशीं ६ जानेवारी १६६५, शुक्रवार होता. गणितानें पर्वान्त महाबळेश्वरीं मध्यान्हाच्या जवळपास येतो. चंद्र पातापासून सुमारें सात अंशांवर, ग्रहण कंकणाकृति जातीचें, व आपल्या प्रांतांत बिंबाचा बराच मोठा भाग ग्रासणारें. येथें शक, संवत्सर, तिथि व आकाश हीं चारही एका मुखानें बोलतात. मात्र गोंव्याच्या पोर्तुगीज कागदांत याच दिवसाची तारीख १६ जानेवारी असणार, कारण पोर्तुगीजांनीं नवी पद्धत १५८२ मध्येंच घेतली होती व इंग्रजांनीं ती १७५२ मध्यें घेतली. दहा दिवसांचा हा फरक पाहून दोन निरनिराळ्या घटना कल्पिल्या गेल्याचें आम्हीं पाहिलें आहे.

मोडी कागदांच्या संग्राहकांनीं आणखी एक पडताळा हाताशीं ठेवावा. कागदाच्या शेवटीं 'छ' घालून जो आंकडा लिहितात तो मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे चंद्रदर्शनापासून मोजलेला दिवस होय. दर्शन बहुधा अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनीं होत असल्यामुळें चंद्रग्रहण या मोजणीनें तेराव्यापासून पंधराव्या चंद्रापर्यंत, व सूर्यग्रहण महिन्याच्या अखेरीस अठ्ठावीस-एकोणतीसच्या सुमारास पडलें पाहिजे. वरील तुलेचा दिवस सन खमस सितैन अलफांतील जमादिलाखर महिन्याच्या २८ व्या किंवा २९ व्या चंद्राचा येतो. एखाद्या कागदांत ग्रहणाचें पर्व आहे आणि छ ५ किंवा छ २० लिहिलें आहे, तर एक तर आंकडा चुकीचा वाचला, नाहीं तर कागद पर्वाच्या दिवशींचा नसून पर्वास दिलेल्या दानाची सनद मागाहून करून दिलेली आहे. दुसरा प्रकार फार आढळतो. दान उदक सोडून ग्रहणांत होई. कारकून सनद लिही ती सवडीनें. म्हणून कागदाची मिति व दानाची मिति या दोन गोष्टी वेगळ्या धरून मगच निर्णय करावा.

आतां आमच्या चुकीविषयीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका स्नेह्यांनीं आपल्या घराण्यांतील एक दानपत्र आम्हांकडे तपासावयास पाठविलें. त्यांच्या इच्छेवरून नांव, गांव व शक येथें देत नाहीं. त्यांत शुद्ध चतुर्दशी व चंद्रपर्व अशीं दोन्ही एकत्र होतीं. चंद्रग्रहण पौर्णिमेसच, हें सूत्र तेव्हां आमच्या जिभेच्या टोकावर. आम्हीं फारसा विचार न करितां कळविलें कीं, चतुर्दशीस चंद्रग्रहण असंभाव्य, सबब कागद बनावट दिसतो. स्नेह्यांनीं तें निमूटपणें मानिलें. दोन वर्षांनीं दुसऱ्याच कामासाठीं त्या शकाचें पंचांग मांडीत असतां आम्हांस दिसलें, कीं त्या महिन्यांत पौर्णिमेचा क्षय होता. तिथीची वाढ पांच घटिका व क्षय सहा घटिका, म्हणजे तिथि ५४ घटिकांपर्यंत लहान होऊं शकते, हें 'बाणवृद्धि रसक्षय' आम्हीं लहानपणींच पाठ केलेलें! त्या दिवशीं सूर्योदयीं चतुर्दशी होती. ती लगेच संपून पौर्णिमा लागली, व दुसऱ्या सूर्योदयापूर्वीं चार घटिका रात्र उरली असतां संपली. नेमका तोच ग्रहणाचा मध्य. लिहिणारानें सूर्योदयाची तिथि दिली, ती शुद्ध १४. ग्रहण पौर्णिमेसच झालें, आणि दिवस चतुर्दशीचाच होता. कागदांत तिळमात्र खोटें नव्हतें.

आम्हीं त्याच दिवशीं पत्र लिहून आमचें मत मागें घेतलें व गणित सोबत जोडलें. उत्तर आलें कीं, तो कागद त्यांनीं घरच्या रुमालांतून काढून 'बनावट' असें लिहिलेल्या वेगळ्या बस्त्यांत ठेविला होता, व वाटणीच्या वेळीं धाकट्या बंधूंनीं तो बस्ता निरुपयोगी म्हणून घेतलाच नाहीं, म्हणून तो वांचला. आतां तो पुन्हां मूळ रुमालांत गेला असून आमचें दुसरें पत्र त्यास टांचलेलें आहे. पहिलें पत्रही तसेंच राहूं द्यावें, अशी आम्हीं त्यांस विनंति केली आहे.